दोन शहरांचे माजघर

नवनगर म्हटले की जुन्या माणसास काठेवाडातील जामसाहेबांचे नवानगर आठवते. हे ते नव्हे. हे नवनगर हुबळी आणि धारवाड यांच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या पुणे-बंगळूर रस्त्यालगत वसले आहे.

हुबळी रेल्वेची व बाजारपेठेची, धारवाड विद्येचे व गाण्याचे. अंतर सुमारे २० किलोमीटर. स्वभावाचे त्याहून अधिक. १९६२ साली दोहोंची मिळून एक महानगरपालिका झाली. मध्ये उणकल, अमरगोळ, रायापूर ही जुनी खेडी; त्यांच्या शेजारी ही आखीव वसाहत उभी राहिली. उपनगर सहसा एकाच शहराचा पदर धरून असते. याच्या हाती दोन आले. येथे कर्करोगाचे रुग्णालय आहे, २००९ साली स्थापन झालेले विधी विद्यापीठ आहे. २०१८ साली रस्त्याच्या मधोमध राखलेल्या मार्गावरून ‘चिगरी’ बसगाड्या धावू लागल्या. कन्नडमध्ये चिगरी म्हणजे हरिण.

आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने धारवाडास स्वतंत्र महानगरपालिका देण्याचे ठरविले! भावाभावांच्या वाटणीत माजघर कोणाचे, हा तंटा तसा जुनाच. नवनगरात मात्र बापाची कचेरी हुबळीस, लेकीचे कॉलेज धारवाडास. सकाळी दोघे एकाच थांब्यावर येतात आणि तेथून पाठमोरी होतात.