नोटेवरचा चेहरा



नोकरीमुळे मी सध्या सिडनीजवळ पॅरामाटाला राहते. तिथे १७९३ साली बांधलेलं ‘एलिझाबेथ फार्म’ नावाचं घर आहे. घराचा मालक जॉन मॅकार्थर ऑस्ट्रेलियाच्या जुन्या दोन डॉलरच्या नोटेवर होता, शेजारी मेरिनो मेंढा.

१७९० मध्ये तो लष्करी अधिकारी म्हणून आला. मेंढ्या पाळल्या, गव्हर्नरांशी भांडला. १८०८ मध्ये गव्हर्नर ब्लायला हटवणाऱ्या बंडात तो पुढे होता. त्यापायी १८०९ ते १८१७ त्याला इंग्लंडमध्येच राहावं लागलं. १८२५ मध्ये तो विधान परिषदेवरही गेला.

मग ती आठ वर्षं मेंढ्या कुणी सांभाळल्या? त्याची बायको एलिझाबेथने. कळप, मजूर, हिशेब, लंडनला जाणारी लोकर, शिवाय मुली. कॅम्डेनची कुरणं तर मुळात धारावल लोकांची. नोटेवर मात्र यांतलं कुणीच नाही.

ते घर बघताना मला दहावीचं विज्ञान प्रदर्शन आठवलं. आपल्या शाळेला बक्षीस मिळालं, प्रमाणपत्रावर नाव माझं होतं. त्या मॉडेलचं सगळं वायरिंग माझ्या बाकावरच्या मैत्रिणीने केलं होतं. सरांनी विचारलं तेव्हा मी गप्प बसले. पुढे इंजिनिअरिंगला मी गेले, ती नाही.

आज ती समोर बसली आहे. बाई गं, तीस वर्षं उशीर झाला. ते बक्षीस तुझं होतं. प्रमाणपत्र सोबत आणलंय.