कबुलीजबाब आणि सत्य



आरोपीने गुन्हा कबूल केला, असे कानी पडताच पुराव्याची छाननी पुष्कळदा मंदावते. निरपराध मनुष्य आपण होऊन तुरुंगाची वाट का धरील, असे विचारले जाते. या प्रश्नाचे उत्तर लंडनमधील एका खटल्यात सापडते.

२२ एप्रिल १९७२ रोजी, उत्तररात्री, कॅटफर्ड भागातील एका जळत्या घरात मॅक्सवेल कॉन्फेट या व्यक्तीचा गळा आवळलेला मृतदेह आढळला. लवकरच १८, १५ आणि १४ वर्षांची तीन मुले पकडली गेली. त्यांतील थोरल्याची बुद्धी आठ वर्षांच्या बालकाएवढीच होती. पालक किंवा वकील जवळ नसताना त्यांची चौकशी झाली आणि तिघांनी कबुली दिली. वैद्यकीय चिन्हे मृत्यू मध्यरात्रीपूर्वीच झाल्याचे सुचवीत होती, आणि त्या वेळी थोरला मुलगा अन्यत्र होता. तरीही नोव्हेंबरमध्ये थोरल्याला सदोष मनुष्यवधाबद्दल, मधल्याला खुनाबद्दल आणि धाकट्याला आग लावल्याबद्दल दोषी ठरविण्यात आले.

असे का घडावे? मंदबुद्धी किंवा भेदरलेल्या माणसाला उद्याच्या शिक्षेपेक्षा या क्षणाची सुटका मोठी वाटते. समोरच्या अधिकाऱ्याला रुचेल तेच तो बोलतो. प्रश्नातच दडलेला तपशील त्याच्या उत्तरात उतरतो, आणि पुढे तोच तपशील खरेपणाची खूण मानला जातो.

ऑक्टोबर १९७५ मध्ये अपील न्यायालयाने या शिक्षा रद्द केल्या. १९८० साली ही मुले निर्दोष असल्याचे ब्रिटिश संसदेत सांगण्यात आले. १९८४ च्या कायद्याने व त्याखालील नियमांनी अशा आरोपीच्या चौकशीत स्वतंत्र प्रौढ व्यक्तीची उपस्थिती आवश्यक केली.

भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध अग्राह्य ठरविली होती. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. मात्र आरोपीने दिलेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडल्यास, त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य धरला जातो. म्हणून न्यायाधीशाचे काम कबुली वाचून संपत नाही. ती कोणी दिली, कोणत्या अवस्थेत दिली आणि तिच्यातील शब्द मुळात कोणाचे, हे तपासल्यावाचून न्याय पुरा होत नाही.