रांगेचा न्याय



जो अगोदर आला त्याचें काम अगोदर, हा न्याय मीं विद्यार्थ्यांस अनेक वर्षें शिकविला. महासंगणकास मात्र तो जसाच्या तसा लावला, तर मोठें नुकसान होतें. तें कसें, हें आज सांगावयाचें आहे.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक सिद्ध केला, तेव्हांपासून हा विषय आपल्या दारीं आला आहे. अशा यंत्रांत अनेक प्रोसेसर, म्हणजे गणित करणारे घटक, एकाच वेळीं राबत असतात. परंतु येणारीं कामें सारखीं नसतात. कोणास दोन प्रोसेसर दहा मिनिटें पुरतात, तर हवामानाचें गणित करणारास शेंकडों प्रोसेसर कित्येक तास लागतात.

समजा, १०० प्रोसेसरांपैकीं ६० पुढील ४ तास गुंतलेले आहेत. रांगेंतील पहिल्या कामास ८० हवेत. म्हणून तें थांबलें आहे. त्याच्या मागें ३० प्रोसेसर ३ तास मागणारें काम उभें आहे. क्रम काटेकोर पाळला, तर ४० प्रोसेसर ४ तास रिकामे बसतात. उलट, जागा मिळेल तसे लहानांस आंत घेत गेलों, तर ८० प्रोसेसर एकदम मोकळे होण्याची वेळच येणार नाहीं, आणि मोठें काम तिष्ठत राहील.

अमेरिकेंतील आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत १९९५ च्या सुमारास यावर एक तोड निघाली. चालूं कामांच्या मुदती पाहून पहिल्या कामाचा मुहूर्त ठरवावा. तो ढळणार नसेल, तरच मागच्यास पुढें जाऊं द्यावें. आपलें ३ तासांचें काम त्यापूर्वीं संपतें, म्हणून त्यास वाट मोकळी. तेंच ५ तासांचें असतें, तर चार तासांनीं ७०च प्रोसेसर मोकळे झाले असते व पहिल्याचा मुहूर्त हुकला असता.

परंतु हें सारें प्रत्येकानें आगाऊ सांगितलेल्या वेळेवर अवलंबून आहे. मुदत संपली कीं काम अर्धवट तोडलें जातें. या भीतीनें लोक वाजवीपेक्षां अधिक वेळ मागतात. मग ३ तासांचें काम ५ तासांचें म्हणून नोंदलें जातें, आणि समोर जागा असूनहि त्यास तींत शिरतां येत नाहीं.

मला माझी शाळा आठवते. एकुलत्या सभागृहासाठीं आम्ही शिक्षक दोन तासिका मागत असूं व एकींत काम उरकीत असूं. दुसऱ्या तासिकेस दालन रिकामें, आणि दुसरा वर्ग बाहेर उन्हांत. असें मागणारांत मीहि होतों.

रांग यंत्र सांभाळील. खरी वेळ सांगणें मात्र आपल्याकडेच राहतें.