शाळेच्या फोटोतली मुलं



आपला दहावीचा ग्रुप फोटो आठवतो? स्टुडिओवाले काका आले होते आणि बाई ओरडत होत्या, "हलू नका रे!" त्याच्या प्रती आपल्या घरी गेल्या, एक ऑफिसच्या भिंतीवर लागली. एवढाच त्या फोटोचा प्रवास.

मी आता एका शाळेच्या प्रसिद्धीचं काम बघते. दोन वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलींचे फोटो मीच फेसबुकवर टाकले. चेहरा स्पष्ट, खाली पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी. लाइक्सचा पाऊस पडला. महिन्याभराने एका मुलीची आई आली. त्याच फोटोवरून कुणीतरी एआय अ‍ॅपने घाणेरडं चित्र बनवलं होतं आणि ते क्लासच्या ग्रुपवर फिरत होतं. मुलगी आठवडाभर शाळेत आली नव्हती. ती माउली ओरडली नाही. म्हणाली, "मॅडम, मला एकदा विचारायचं होतंत." प्रवेश अर्जावर 'नियम मान्य' या ओळीखाली तिची सही होती. मी तिलाच परवानगी समजत होते.

त्यावर आम्ही आणखी एक चूक केली. पुरावा म्हणून ते चित्र एकमेकांना पाठवलं. मुलांचं असं चित्र पुढे पाठवणं हाही गुन्हाच. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नाव न देताही तक्रार करता येते, हे आम्हाला उशिरा कळलं.

स्पेनमधल्या अल्मेन्द्रालेहो गावात २०२३ साली २०हून अधिक मुलींच्या बाबतीत हेच झालं. २०२४ मध्ये तिथल्या न्यायालयाने १५ जणांना एक वर्षाच्या देखरेखीची शिक्षा दिली. सगळी अल्पवयीन मुलं!

आता आम्ही पाठमोरे, लांबून घेतलेले फोटो टाकतो, नाहीतर नुसते प्रयोग करणारे हात. चेहरा असला तर नाव नाही. वर्ष संपलं की अल्बम काढून टाकतो. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती सांगितली आहे, म्हणून प्रत्येक कार्यक्रमाची वेगळी चिठ्ठी घेतो. संस्थाचालक कुरकुरतात, "मग जाहिरात कशी होणार?" त्यांचंही अगदीच खोटं नाही. पण त्या आईसमोर मी बसले होते, ते नव्हते.

आज आपली मुलंही इथे बागडताहेत आणि सकाळपासून धडाधड फोटो निघताहेत. ते आपल्या ग्रुपपुरतेच ठेवूया. आणि सर, आपल्या शाळेच्या पेजवर कितीतरी स्नेहसंमेलनांचे अल्बम नावांसकट उघडे आहेत. परवानगी दिलीत तर मी उद्याचा दिवस थांबते, आपण बसून ते आवरू.