कुकरची शिट्टी ऐकू यावी म्हणून

प्रथिनांची रचना उलगडण्यात वर्षानुवर्षं घालवणाऱ्या संशोधक मित्रमैत्रिणींनो,

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. प्रयोगशाळेतला नव्हे, ओपीडीतला. त्यामुळे सुरुवात एका पेशंटपासूनच करतो.

एमडीआर, म्हणजे नेहमीच्या औषधांना दाद न देणारा क्षय. महिनोन्‌महिने कॅनामायसिनची इंजेक्शनं. थुंकीतले जंतू गेले, वजन वाढलं, मी खूश. ती बाई म्हणाली, ‘‘डॉक्टर, हल्ली कुकरची शिट्टी ऐकूच येत नाही. भात करपला की वासावरून कळतं.’’ तिचे कान गेले ते गेलेच.

ते का गेले, याचं उत्तर आपल्याच विषयात आहे. कॅनामायसिन जंतूच्या रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रावर जाऊन बसतं. पण आपल्या पेशींतल्या मायटोकॉन्ड्रियांचं मूळ कूळ जंतूंचंच, आणि त्यांच्या रायबोसोमची ठेवणही बरीचशी तशीच. या बहिरेपणाचं एक मोठं कारण म्हणून संशोधक तिकडेच बोट दाखवतात. रायबोसोमची अणुपातळीवरची रचना 2000 साली हाती आली. त्या कामासाठी व्यंकी रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना 2009 चं नोबेल मिळालं. इंजेक्शनं मात्र त्याआधी कित्येक दशकं टोचली जात होती.

दुसरं यंत्र एटीपी सिंथेज. प्रोटॉनच्या प्रवाहावर त्याचं चक्र पाणचक्कीसारखं फिरतं आणि पेशीचं इंधन तयार होतं. 1997 मध्ये जपानी संशोधकांनी त्याच्या आसाला अ‍ॅक्टिनचा धागा चिकटवला आणि तो गरगर फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली डोळ्यांनी पाहिला! क्षयजंतूच्या याच चक्रात बेडाक्विलिन जाऊन रुततं आणि जंतूचं इंधन तुटतं. हे औषध आलं आणि इंजेक्शनं मागे पडली. हृदयाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवावं लागतं, पण कान शाबूत राहतात. बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवण्याचा अर्ज 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. हरकत घेणाऱ्या दोघी, एक मुंबईची, एक दक्षिण आफ्रिकेची. दोघीही क्षयातून वाचलेल्या, दोघींनीही उपचारांत श्रवणशक्ती गमावलेली.

तरी एक गोष्ट मनाला लागून राहते. बेडाक्विलिन रचना पाहून घडवलेलं नाही. असंख्य रेणू जिवंत जंतूंवर तपासता तपासता ते हाती लागलं, 2005 मध्ये जगापुढे आलं. चक्रात ते नेमकं कसं बसतं, हे क्षयजंतूच्या एका निरुपद्रवी भाऊबंदाच्या स्फटिकात 2015 मध्ये दिसलं. पुढच्या औषधाच्या वेळी हा क्रम उलटा व्हावा, ही माझी तळमळ आहे.

आजही क्षयावरचं लिनेझोलिड सुरू केलं की मी दर वेळी विचारतो, ‘‘पायांना मुंग्या येतात का?’’ तेही रायबोसोमवरच बसतं.

मागच्या रांगांमध्ये मुंबईच्या क्षयरोग दवाखान्यांतले डॉक्टर आणि नर्स बसल्या आहेत. त्यांना स्वागत समितीने मुद्दाम बोलावलं आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या टेबलाशी बसा आणि कोणत्या गोळीने पेशंटचं काय जातं, ते त्यांच्याकडून ऐकून घ्या.