गुन्हेपीडितांची भरपाई आणि पनवेलकर

आरोपीला शिक्षा झाली, तरी जखमीचे औषधपाणी किंवा कर्ता माणूस गमावलेल्या घराचा चरितार्थ त्या शिक्षेतून भागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 357-अ घालण्यात आले आणि 1 जुलै 2024 पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 396 ने घेतली. आरोपीचा माग लागला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरीही पीडित किंवा त्याचे आश्रित, म्हणजे त्याच्या कमाईवर अवलंबून असलेले कुटुंबीय, भरपाई मागू शकतात, ही या कायद्यातील सर्वांत माणुसकीची तरतूद होय.

पनवेलची पोलीस ठाणी नवी मुंबई आयुक्तालयाकडे असली, तरी तालुका रायगड जिल्ह्यात मोडतो, त्यामुळे एफआयआरची प्रत पनवेलच्या ठाण्यातून मिळते, पण भरपाईचा निर्णय अलिबागचे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण घेते. या दुहेरी रचनेत सामान्य माणूस गोंधळणे स्वाभाविक आहे. चौकशी दोन महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधन प्राधिकरणावर आहे, आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याच्या किंवा दंडाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून तातडीचे वैद्यकीय साहाय्य वा अंतरिम मदत त्याआधीही देता येते.

बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतील पीडितांसाठी महाराष्ट्रात 2013 पासून मनोधैर्य योजना असून, तिच्यात अर्थसाहाय्याबरोबर समुपदेशनही येते. अशा पीडितांवर सरकारी आणि खासगी अशा दोन्ही रुग्णालयांनी विनामूल्य प्रथमोपचार करणे कायद्याने बंधनकारक आहे.

विधी सेवेची राष्ट्रीय मदतवाहिनी 15100 ही आहे.