फूटपट्टी कोणाची?



 चेन्नईतल्या वेलचेरीत बसून न्यायवैद्यकावर मराठीत बोलायला मिळणं ही चैनच म्हणायची. समोर मुंबई-पुण्याकडून शिकायला आलेले तरुण दंतवैद्य दिसतात, इथल्या रुग्णालयांत मुरलेले क्ष-किरणतज्ज्ञ दिसतात आणि तंजावरकडच्या मराठी घरांतली काही मंडळीही दिसतात. या मंडळींकडे मी पुन्हा वळणार आहे, कारण माझा मुद्दा त्यांच्यापाशीच येऊन अडतो. शिवाय या शहरात रसायन परीक्षकाची सरकारी प्रयोगशाळा 1849 साली सुरू झाली, मुंबईत ती यायला 1870 उजाडलं. तेव्हा या क्षेत्रात आम्ही मुंबईकर इथे धाकटेच.

पोलीस बेवारस कवटी घेऊन येतात, तेव्हा पहिला प्रश्न एकच असतो: बाई की पुरुष? उत्तर मिळालं की बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींतली जवळपास निम्मी नावं बाजूला होतात. पण उत्तर चुकलं, तर नेमकं हवं ते नावच बाजूला पडतं आणि डीएनएचा नमुना घ्यायला त्या घरी कोणी फिरकतही नाही.

परीक्षेसाठी आपण सगळ्यांनी मानवशास्त्रज्ञ क्रॉगमनचे लिंगनिदानाच्या अचूकतेचे आकडे घोकलेत. पूर्ण सांगाडा असेल तर शंभर टक्के, कमरेचं हाड असेल तर 95, नुसती कवटी असेल तर 92. क्रॉगमनने हे आकडे अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या संग्रहातल्या 750 सांगाड्यांवरून काढले. त्या संग्रहात पुरुषांचे सांगाडे बायकांपेक्षा फार जास्त होते आणि हे त्यानेच सांगून ठेवलंय. अशा ढिगाऱ्यात प्रत्येक वेळी ‘पुरुष’ म्हणणाराही बऱ्यापैकी गुण मिळवेल. पाठ्यपुस्तकांनी 92 तेवढा उचलला आणि ही तळटीप गाळली. आपल्या व्यवसायातला हा सर्वांत महागडा संक्षेप असावा.

कवटीवर आपण काय पाहतो? भुवईवरचा उंचवटा, डोळ्याच्या खोबणीची कडा, कानामागचं मास्टॉइड, मानेच्या स्नायूंची मागची कड, हनुवटी. वॉकरने 2008 साली या पाच खुणांना प्रत्येकी एक ते पाच असे गुण द्यायची पद्धत नीट मांडली. पण तरुण पुरुषाची कवटी नाजूक दिसू शकते आणि उतारवयातल्या बाईची राकट. वयात न आलेल्या मुलाच्या कवटीवरून तर काही बोलूच नये. आणखी एक गोष्ट याच राज्यात सांगायला हवी, कारण तमिळनाडूने 2008 सालीच तृतीयपंथीयांसाठी कल्याण मंडळ स्थापन केलं. हाडावरून जन्माच्या वेळच्या शरीराचा अंदाज येतो, ती व्यक्ती कोण म्हणून जगली हे कळत नाही. पोलिसांच्या नोंदीत मात्र ती व्यक्ती जगलेल्या नावाने असू शकते.

आता प्रतिमांकडे येऊ. सीटीमुळे झालेला मोठा फायदा अचूकतेचा नाही, हे मी मुद्दाम सांगतो. मांस चिकटलेल्या कवटीवर मोजमाप करायचं तर पूर्वी ती उकळून स्वच्छ करावी लागे. आज ती आहे तशी स्कॅन होते, नातेवाइकांना अंत्यसंस्कारासाठी देता येते, आणि उद्या आरोपीच्या बाजूचा तज्ज्ञही तोच स्कॅन उघडून पुन्हा मोजू शकतो. राखीगढीच्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दोन कवट्यांवरून चेहरे उभे केले गेले, तेही सीटीच्या आधारेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे त्या कामात होते. जळालेल्या देहात कवटीचा तळ बहुधा टिकतो, मानेचे स्नायू त्याला झाकून असतात, म्हणून तिथल्या मोठ्या छिद्राची मापं घेतात. गालामागचं सायनस पुरुषांत सरासरीने मोठं भरतं. पण सरासरीनेच. दोन्ही गट एकमेकांत इतके मिसळलेले असतात की मधल्या पट्ट्यातल्या कवटीबद्दल पडद्यावरचा दशांश मिलिमीटर काही सांगत नाही. त्यात दाताच्या धातूमुळे पडणारे पट्टे आले, आणि एकाच बिंदूसाठी दोन निवासी डॉक्टरांनी वेगवेगळ्या जागी टेकवलेला कर्सर आला.

आणि मग येते मापांवरून बाई की पुरुष ठरवणाऱ्या सूत्राची गोष्ट. एका समाजावर बेतलेलं सूत्र दुसऱ्यावर लावलं की चुका वाढतात. म्हणून आपण स्थानिक अभ्यास करतो, शीर्षकात ‘दक्षिण भारतीय लोकसंख्या’ लिहितो, आणि नमुना असतो एका ओपीडीत दाढ दाखवायला आलेल्या माणसांचा. वेलचेरीच्या आसपास ओडिशा, बंगाल, बिहारमधून आलेला कामगार आहे, आंध्रातला संगणक अभियंता आहे. त्यांचं गाव आपण विचारलं होतं का? व्यंकोजीराजांनी 1676 च्या सुमारास तंजावर घेतलं. तेव्हापासून इथे राहणाऱ्या मराठी घरातल्या माणसाची कवटी माझ्यासमोर आली, तर मी महाराष्ट्राचं सूत्र लावू की तमिळनाडूचं? मला वाटतं, प्रश्नच चुकीचा आहे. भाषा कवटीत नसते.

कवटीत वंश शोधण्याचा हा खटाटोप जुनाच. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये मानवशास्त्रज्ञ ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्यांच्या दोन बाजूंमधला फरक मोजत होत्या. तो फरक वंशानुसार बदलतो, हे गुरूला सिद्ध व्हायला हवं होतं. बाईंच्या मोजमापात ते आलं नाही, आणि त्यांनी तसंच लिहिलं. त्या काळी, त्या शहरात, त्या गुरूसमोर. सायनसचं माप जमलं नाही म्हणून नमुन्यातली दहा माणसं हळूच वगळणाऱ्यांनी तो प्रबंध आठवावा. स्थानिक तुलनासंच हवाच, पण जिल्हा, वय, आहार, दात किती पडलेत, अशा नोंदींचा. जातीवंशाची लेबलं त्यात नकोत.

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली आपलं म्हणणं न्यायालयात मत म्हणून जातं. मत द्यायचं तर त्याची कुवतही सांगावी. अहवालात फक्त ‘स्त्री’ किंवा ‘पुरुष’ लिहू नका, संभाव्यता लिहा. आणि कवटी मधल्या पट्ट्यात पडली, तर ‘अनिश्चित’ लिहायला लाजू नका. तपास अधिकारी नाराज होईल. होऊ द्या. तो मग दोन्ही याद्या तपासेल आणि डीएनएकडे जाईल, तेच हवं आहे.

इथल्या दंत महाविद्यालयांत उपचारासाठी काढलेले कोन बीम सीटी रोज साठतायत आणि काही वर्षांनी पुसले जातायत. रुग्णाची संमती घेऊन, नाव काढून, वय आणि जिल्हा ठेवून ते जपा. चेन्नई, पुणे आणि नागपूर मिळून एक सामाईक संच उभा राहू शकतो, त्यासाठी नवं यंत्र लागत नाही. संमतीपत्रात दोन ओळी वाढवाव्या लागतात. त्या तमिळमध्येही हव्यात आणि मराठीतही. मसुदा करायला आज संध्याकाळी बसू, ज्यांना वेळ आहे त्यांनी थांबावं.